कावळे नसलेले बेट

मी, कमळाकर तुळशीराम घरत, वय वर्षे एकोणसत्तर, एस.टी.च्या आगारातून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त, राहणार पनवेल, जिल्हा रायगड, हे माझे पहिले आणि देवाच्या कृपेने शेवटचेच ठरो असे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉ. विनिता मोकल यांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. तपासताना रक्तदाब जास्त भरला, कारण पट्टा दंडाला आवळलेला असतानाच त्यांनी विचारले, "मग काका, सेशेल्सला कधी निघताय?" दहा मिनिटांनी पुन्हा मोजला तेव्हा बरोबर आला.

हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. भीतीपोटी लिहीत आहे. आमच्या वकील ॲड. दिपिका पाटील यांनी हे वाक्य दोनदा खोडले. म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रात भीती लिहायची नसते. उद्या कोणी म्हणेल, तुम्हाला धमकावून लिहून घेतलं." मी त्यांना सांगितले की दबाव दुसऱ्याचा असतो, भीती माझी स्वतःची आहे, स्वकष्टार्जित आहे. वाक्य राहिले.

सेशेल्स हे आफ्रिकेच्या बाजूला समुद्रातले बेटांचे राज्य आहे. माझा मुलगा परेश तिथल्या माहे नावाच्या बेटावर एका हॉटेलात एसी प्लांट सांभाळतो. तो, सून हेतल आणि तिथेच जन्मलेली त्यांची पाच वर्षांची अनुया, असे तिघे आहेत. आता परेशचे म्हणणे असे की आईबाबांनी तिकडेच राहायला यावे, महिना-दोन महिन्यांसाठी नव्हे, कायमचे. त्याने परवान्याचे दोन अर्ज पाठवले. माझी पत्नी सौ. रंभा हिने आपल्या अर्जावर त्याच दिवशी सही केली. माझा अर्ज देवघराच्या फळीवर आहे आणि दिवा लावताना रोज दिसतो. पंचवीस जानेवारीपर्यंत दोन्ही अर्ज पाठवायचे आहेत.

लिहायला बसलो तेव्हा जायचे की नाही हे ठरलेले नव्हते. तीन आठवडे लिहीत होतो. दिपिकाताई म्हणाल्या, आता सगळे एकदा स्वच्छ उतरवून काढू. मी नको म्हटले. जे ज्या क्रमाने सुचले ते तसेच असू द्यावे.

कलम १. पनवेल येथील माझे राहते घर, तळमजला व वरचा मजला, माझ्या पश्चात रंभेला मिळावे. तिच्या पश्चात मुलगी स्नेहल, जिला जवळच्याच ओवे गावी दिली आहे, आणि परेश यांना निम्मे निम्मे. मात्र आम्ही बेटावर गेलो तरी पहिली दोन वर्षे घर भाड्याने देऊ नये. गाद्या घातलेल्या असाव्यात. स्नेहलने दर रविवारी येऊन पंखे फिरवावेत, नळ सोडावेत, फ्रिज चालू ठेवावा आणि त्यात निदान पाण्याची बाटली असावी. माणूस कधीही परत येऊ शकतो. हे ऐकून स्नेहल म्हणाली, "बाबा, तुम्ही मुलाकडे चाललाय की वनवासाला?" तिला माझे सांगणे की वनवासाला निदान चौदा वर्षांची मुदत होती.

कलम २. बँकेतल्या ठेवी रंभेच्या नावे आधीच केल्या आहेत, त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. परतीच्या तिकिटांची रक्कम मात्र वेगळी ठेवली आहे. ती दवाखान्यासाठीसुद्धा मोडू नये.

कलम ३. मला परदेशात मरण आले तर माझा देह पनवेलला आणावा. ते जमत नसेल तर अस्थी आणाव्यात. दहावा पनवेललाच करावा. यात कोणीही काटकसर किंवा शहाणपणा करू नये.

कारणे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी हसणार नाही. नकाशात ते बेट माझ्या अंगठ्याखाली झाकले जाते. मिठागरवाल्याच्या पोराला समुद्राची कसली भीती, असे लोक म्हणतात. समुद्र जवळून पाहिलेल्यालाच ती असते. आमच्याकडे पाणी एका बाजूला होते आणि मधे बांध होता. उधाणाच्या आधी बाबा बांधावरून चालत जात, खेकड्याचे बीळ दिसले की तिथल्या तिथे चिखलाने बुजवत. एक बीळ नजरेतून सुटले तर भरतीला तिथेच बांध फुटतो, हे मी लहानपणी दोनदा पाहिले आहे. तेव्हा आम्हाला पळायला मागे जमीन होती. बेटावर चहूकडे समुद्र, मग पळायचे ते कुठे? परेश म्हणतो, मधोमध डोंगर आहे, कर्नाळ्याहून उंच. माझे गुडघे कसे आहेत हे तो विसरतो.

शिवाय तिथे माझ्या मयताला किती माणसे येतील हे मी मोजून पाहिले. हॉटेलातले चार एसीवाले, हेतलच्या ओळखीचे एक गुजराती कुटुंब आणि शेजारची एक बाई, जी व्हिडिओ कॉलवर मला पाहून हात हलवते आणि जिचे नाव मला उच्चारता येत नाही. बाबांच्या वेळी चिरनेरपासून माणसे आली होती. बसायला जागा पुरली नाही.

कलम ४. आगारातली माझी हत्यारे, म्हणजे पान्यांचा पूर्ण संच, दोन जॅक आणि जर्मन पक्कड, माझा मित्र महादेव भोईर यास द्यावीत असे आधी लिहिले होते. पण त्याला साक्षीदार करायचे होते आणि ज्याला काही मिळते त्याने साक्षीला न राहिलेले बरे, असे वकिलांचे मत पडले. महादेवला विचारले, पाने हवेत की साक्ष? तो म्हणाला, "साक्षीला मी येतो. पाने जित्तेपणीच दे, मेलेल्याचं हत्यार हातात घेववत नाय." म्हणून काल रिक्षात घालून सगळे त्याच्या घरी पोचवले. भिंतीवर पान्यांच्या आकाराचे डाग राहिले आहेत. पण दिले ते दिले.

कलम ५. बाबांचे मीठ ओढायचे लांब दांड्याचे लाकडी फावडे माझा चुलत भाऊ हरेश यास द्यावे. आम्ही एकमेकांशी तीस वर्षे बोलत नाही. त्याचे कारण इथे लिहिणे भाग आहे.

बाबांच्या दहाव्याला तळ्यावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर पाच-सहा बसले होते, एकही उतरत नव्हता. गेलेल्याची इच्छा मागे राहिली की असे होते, मग घरच्यांनी ती इच्छा ओळखून तसा शब्द द्यायचा असतो. कोणी म्हणाले, आईला सांभाळू. कोणी म्हणाले, धाकटीचे लग्न थाटात लावू. तास गेला. भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायला निघाले. तेव्हा मी हात जोडून म्हणालो, "बाबा, मिठागर हातातना जावाला देनार नाय." माझे बोलणे पुरे व्हायच्या आत कावळा खाली आला.

सात वर्षांनी मिठागर सरकारी प्रकल्पात गेले. संमतीच्या कागदावर पहिली सही माझी होती. दुसरी हरेशची होती, पण तो शब्द त्याने दिला नव्हता. त्यानंतर हळद असो, बारसे असो, चार माणसे जमली की तो म्हणे, "यानी कावल्याला फसवला." मी त्याच्याशी बोलणे टाकले, कारण तो खरे बोलत होता आणि खऱ्याला उत्तर नसते. फावडे त्याने माणसाकरवी दोनदा मागितले होते, मी दिले नाही. आता द्यावे. सोबत निरोप द्यावा की कमळ्या चुकला होता.

कलम ६. नोव्हेंबरात व्हिडिओ कॉलवर रंभा अनुयाला काऊ-चिऊची गोष्ट सांगत होती. पोरीने विचारले, "आजी, काऊ म्हणजे काय?" रंभेने फोन फिरवून गॅलरीच्या कठड्यावरचा कावळा दाखवला. पोरीने नाक स्क्रीनला टेकवले. मग मला म्हणाली, "आजोबा, तो खरा आहे का?" परेश मागून हसत म्हणाला, "बाबा, इथे कावळे नाहीत. बोटीतून एखादा चुकून आला तर सरकार राहू देत नाही, इथल्या पक्ष्यांची अंडी खातो म्हणून. दिसला तर कळवायचं असतं." मुलाने हे सहज सांगितले. माझा अर्धा चहा बशीत सांडला.

मला आयुष्यात अनेकदा भीती वाटली, ब्रेक नसलेली गाडी घाटात चाचणीला नेली तेव्हाही वाटली, पण ही निराळी होती. दिलेला शब्द मोडल्यामुळे इथला कावळा तरी माझ्या पिंडाला शिवेल का, ही धास्ती मला होतीच. तरी समोर बसलेल्या कावळ्याची माफी मागता येते. जिथे तो येऊच शकत नाही, तिथे परेश बिचारा पिंड मांडून आभाळाकडे पाहत किती वेळ उभा राहील? आणि माझे काय होईल? मी शिकलेला माणूस आहे, इंजिन उघडून रोग सांगतो. तरीही हा प्रश्न मनातून गेला नाही, हे मान्य करतो.

रंभेला सांगितले. ती म्हणाली, "तिथं कावलाच नाय, म्हंजे तुमचं बरंच हाय. शिवला नाय म्हनून गावभर बोभाटा तरी नाय होनार." एवढे बोलून ती भात बघायला उठली.

कलम ७. सात जानेवारीला मी रंभेला माझा निर्णय सांगितला. मी येत नाही, तू तीन महिने जाऊन ये. ती ओट्यापाशी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसली होती. हात थांबवले नाहीत. ती जे बोलली ते मी जसेच्या तसे इथे नोंदवतो:

"मना जावाचं हाय. पोर मोठी व्हाय लागली, तिला आजी म्हंजे फोन वाटतंय. पन तुमी नाय आलात तर मी पन नाय जानार, अर्ज फारून टाकीन. त्रेचालीस वर्सां तुमाला टाकून कुटं गेली नाय, आता काय जानार. एकच सांगते. मी आदी मेली, न माज्या पिंडाला कावला नाय शिवला, तर तलावावर सगल्यांच्या म्होरं त्याला काय सांगाल, तेवढं आताच ठरवून ठेवा."

मी उत्तर शोधले. दिपिकाताईंना विचारावे असेही मनात आले. 'तुला सेशेल्सला पाठवतो' असे त्या वेळी म्हणता येणार नाही, कारण पाठवायला माणूस उरलेले नसेल. 'तुझी इच्छा मला माहीत नव्हती' असेही म्हणता येणार नाही, कारण ती आता या कलमात माझ्याच हस्ताक्षरात आहे. आणि कावळ्याला दुसऱ्यांदा खोटे सांगण्याची माझी छाती नाही.

संक्रांतीच्या सकाळी दिवा लावला, अर्ज खाली घेतला आणि सही केली. ती बँकेतल्या सहीशी जुळत नाही. तिकडच्या साहेबांनी हरकत घेतल्यास परेशने सांगावे की सही माझीच आहे, फक्त घाबरलेली आहे. मी रंभेला अर्ज दाखवला. तिने चष्मा लावून सही पाहिली, तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "गोड बोला आता, निदान विमानात तरी."

भीती गेली असे मात्र कोणी समजू नये. ती सामानात येणार आहे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी स्नेहलने करावी. तिला घरच्या किल्ल्या दिल्या आहेत.

कलम ९. इतके लिहून झाल्यावर लक्षात आले की ज्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते ते मी कुठेच लिहिलेले नाही. पाणी, मयताला येणारी माणसे, कावळा हे सगळे लिहिले. परंतु खरी गोष्ट अशी की रंभा तिथे माझ्या आधी गेली तर मी काय करीन, हे मला माहीत नाही. मला भाजी कुठे मिळते ते विचारता येणार नाही. माझी औषधे कोणत्या डब्यात आहेत ते फक्त तिला ठाऊक असते. पनवेलला मी तिच्याशिवाय कसाबसा निभावीन असे मी आजवर धरून चाललो होतो. लिहिता लिहिता कळले की तेही खरे नाही.

तसे झाले तर मुले प्रेमापोटी दुसरे कलम काढून दाखवतील, ठेवलेल्या पैशांतून तिकीट काढतील आणि मला या घरी आणून गादीवर बसवतील. म्हणून शुद्धीत असताना लिहून देतो की रंभा तिथे आधी गेली तर परतीच्या तिकिटांचे दुसरे आणि देह आणण्याचे तिसरे, ही दोन्ही कलमे रद्द समजावीत. मला परत आणू नये. मी रडून, हातापाया पडून परत न्या म्हणालो, तरी ऐकू नये, कारण तेव्हा माझे डोके ठिकाणावर नसेल आणि आज आहे. तिचे जिथे कराल, तिथेच माझेही करावे.

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचले, साक्षीदारांसमोर सही केली, आणि साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या. सौ. रंभा हिला सर्व मजकूर वाचून दाखवला आहे, शेवटचे कलम सोडून.

ठिकाण: पनवेल
दिनांक: १८ जानेवारी २०२६

(सही) कमळाकर तुळशीराम घरत

साक्षीदार:
१. (सही) महादेव भोईर, पनवेल
२. (सही) डॉ. विनिता मोकल, पनवेल