सही करू नका

झरी, ता. परभणी
दि. २४ सप्टेंबर २०२४

ती. योगीराजभाऊजी यांस,

राजेश्रीचा नमस्कार. आमी सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. अक्कांच्या गुडघ्याला आराम पडला का? इकडं सोयाबीन शेंगांनी भरलंय, पण ओढ्याकडची चार-पाच तासं, पेरलेल्या ओळीच्या ओळी, रानडुकरांनी उकरून टाकली.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटंल. माझा फोन आजकाल यांच्या खिशात असतो. हे पत्र शेजारच्या बायनाबाई पोस्टात टाकतील.

हे एक-दोन दिसांत लातूरला तुमच्याकडं येतील. मामांजींच्या बंदुकीचं लायसन यांना स्वतःच्या नावावर करायचंय. त्याला वारसांची ना-हरकत लागते. आत्याबाईंनी सही द्यायला नकार दिला. तुमची मिळाली की आईला मनवतो, म्हणतात. डुकरांचं कारण सांगतील. ते खोटं न्हाई. तरी तुमी सही करू नका.

मामांजी होते तोवर बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसं आत्याबाईंच्या ट्रंकेत आणि दोन्ही किल्ल्या मामांजींच्या करदोट्याला. चैत्रात ते गेले. बंदूक लगोलग ठाण्यात जमा करायला पाहिजे होती. "करू की," म्हणत यांनी किल्ल्या घेतल्या. पुढं बंदूक दाराआड उभी राहू लागली. तिथंच आमच्या निकिताचं दप्तर टांगलेलं असतं. मी बोलले तर म्हणाले, "रिकामी हाय. तुला काय कळतंय?"

आणखी एक. उन्हाळ्यात बांधावरून शेजारच्या रानातल्या बन्सीधरशी यांची हाणामारी झाली. तेव्हा शांतता राखायचा बाँड लिहून द्यावा लागला. त्याची मुदत आहे तोवर लायसन मिळत न्हाई, असं मला ठाण्यात सांगितलं. यातलं काही ते तुमाला सांगणार न्हाईत.

मी ठाण्यात कशाला गेले होते, ते आता लिहावंच लागंल.

पोळा झाल्यावर एका दुपारी मी भाकरी करायलते. हे बन्सीधरला शिव्या देत आत आले. मी एवढंच म्हणाले, "बाँड लिहून दिलाय, ध्यानात ठेवा." यांनी दाराआडची बंदूक उचलली आणि माझ्याकडं केली. हसायलते. "घाबरली का? रिकामी हाय."

माझे हात परातीत तसेच राहिले. आत्याबाई उठल्या, नळी मुठीत धरली आणि भिंतीकडं वळवली.

"तुझ्या बापानं ही कदी माणसाकडं केली न्हाई, गोपाळ."

"सोड, आई! फुटंल!"

भाऊजी, रिकामी बंदूक फुटती का?

दुसऱ्या दिवशी हे बाहेर गेल्यावर आत्याबाईंनी ती गोधडीत गुंडाळली. आमी दोघी ऑटोनं ठाण्यात गेलो. जमादारांनी उघडून बघितली. आत काडतूस होतं.

भाऊ तुमचा आहे. माझ्यावर विश्वास ठेवायचा का न्हाई, तुमी ठरवा. पण पेन हातात घ्यायच्या आधी तुमच्या आईला विचारा.

राजेश्री


पिंगळी
दि. ९ ऑक्टोबर २०२४

ती. भाऊजी,

नमस्कार. तुमी सही तर केली न्हाईच, वर यांच्यासंगं झरीला येऊन आईसमोर बसलात. त्याचे उपकार कसे फेडू?

तुमी परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी यांनी मला विचारलं, "मी चालवली असती, असं वाटतं का तुला?"

मी म्हणाले, "मला ठाऊक न्हाई."

यांना त्याचाच लय राग आला. ताट भिंतीवर आपटलं. निकिता कॉटखाली जाऊन लपली. त्याच दुपारी मी तिला घेऊन माहेरी पिंगळीला आले. आत्याबाई न विचारता संगं निघाल्या. वाटेत म्हणाल्या, "लेक माझा हाय, पर मी बी त्याला भ्यायले आता."

काल हे न्यायला आले होते. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "बंदूक तर गेली की. आता कशाचं भ्या?"

"बंदूक गेली," मी म्हणाले, "तुमी हाय तसेच हायत."

ते वळले आणि निघून गेले. मी दार लावून घेतलं आणि पहिल्यांदाच पोटभर रडले.

अक्कांना नमस्कार सांगा. खाली 'तुमची भावजय' लिहायला पेन टेकवला होता. जमलं न्हाई. तूर्त नुसतीच,

राजेश्री