स्कूटर आतच राहील

५ मे, सोमवार
१. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं.
२. स्कूटर २००९ची, बाबांनी घेतलेली. तिचे रबरी भाग या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत.
३. सकाळी पुढच्या खोलीत स्कूटरखाली रुपयाएवढा ओला डाग.
४. त्याच खोलीत गॅसची शेगडी. तानाबाईआत्या ऑर्डरीच्या कडक भाकऱ्या भाजत होती.
५. काहीही झालं नाही.
पाच नंबर महत्त्वाचा. मी घाबरलेली नाही. कारखान्यात रबरी सील तपासणं हेच माझं काम. पेट्रोलची नळी रविवारी बदलेन.

७ मे
वास. आत्या म्हणाली, दिपे, भाकरीला पंपाचा वास यायलाय. इथेनॉल स्वच्छ असतं, उसापासून करतात, असं मी सांगितलं. म्हणाली, मग पिऊन बघ की रस.
खबरदारी म्हणून रात्री काड्यापेटी आणि लायटर कपाटात, कुलपात. स्कूटर बाहेर ठेवता येणार नाही. त्रेचाळीस अंशांत रबर लवकर जातं. शिवाय गल्लीत चोऱ्या होतात.

११ मे, रविवार
नळी बदलली. कार्बोरेटरचे सील जुनेच. या मॉडेलचे आता येत नाहीत. येतील. प्रश्न मिटला.

१२ मे
डाग बशीएवढा. खाली ट्रे ठेवला. देवापुढचा दिवा बंद. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून कामावरच्या बॅगेत ठेवला.
आत्या म्हणाली, दिवा न्हाय, शेगडी न्हाय, मग भाकऱ्या काय पत्र्यावर भाजू? छपराच्या पत्र्याचं तापमान मोजलं. एकसष्ट अंश. पुरेसं नाही.

१४ मे
कारखान्यात असताना रस्त्यावरून अग्निशमनची गाडी गेली. हातातलं सील पडलं. गेटपर्यंत धावत गेले. गाडी आमच्या बाजूला वळली नाही. तरी आत्याला फोन केला. म्हणाली, जित्ती हाय की. का गं? सहज केला, असं सांगितलं.
दुपारभर एकही सील नीट तपासता आलं नाही. उकाडा फार आहे.

१६ मे, शुक्रवार
आत्या तवा, परात आणि पिठाचा डबा घेऊन होटगीला बसम्माकडे गेली. बसम्मा तिची मैत्रीण. भाकऱ्यांच्या ऑर्डरी तिथूनच देणार म्हणे. निघताना स्कूटरकडे बघून म्हणाली, घरातलं समदं भाईर निघालं, हीच तेवढी आत बसलीया महाराणी.
घरात आता एकही ज्योत नाही. म्हणजे धोका शून्य. योजना यशस्वी.

संध्याकाळ
दिव्याचं बटण दाबायला हात होत नाही. बटणातही ठिणगी पडते. बाहेर पायरीवर बसून लिहिते आहे. आत्या फोन उचलत नाही. मेसेज पाठवला:
आत्या, बसम्माकडे आणखी एकीची सोय होईल का? मी एकटीच येईन, स्कूटर आणणार नाही. रविवारपर्यंत कळव. – दिपाली