कॅरिअरवरचे दोन धोंडे

बा, परवा रविवारी पुसेगावहून सायकल काढली आणि साखऱ्याच्या रस्त्याने टेकडीवर आले. घरात स्कूटी आहे, तरी मी सायकल काढली की तुझा नातू हसतो. म्हणतो, आई, पेट्रोलचे पैसे मी देतो. त्याला काय सांगायचं. रस्त्यावर कोणी नव्हतं. चढावर दम लागला, उतरले, थोडं चालले, परत बसले. वर पोचल्यावर मागं वळून बघितलं, तर कयाधू नदीचं खोरं तसंच पसरलेलं, मधे मधे हिरवं आणि बाकी भुरकट. टेकडीवरचे द्राक्षांचे मांडव मात्र गेले. तिथं आता सोयाबीन आणि तूर आहे. एका बांधावर मांडवाचा एक खांब उरलाय, त्याला तारेचा तुकडा लोंबतोय, आणि कोणीतरी त्याला शेळी बांधून ठेवली होती.

तू गेलास त्याला बरीच वर्षं झाली. तुला अक्षर येत नव्हतं, तेव्हा हे पत्र धाडायचा प्रश्नच नाही. आणि आपलं सगळं बोलणं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत व्हायचं, मी लिहितेय मराठीत. शाळेने मला हीच लिहायला शिकवली, चालवून घे.

त्या शाळेवरूनच तर सगळं झालं. तांड्यावरची शाळा सातवीला संपली. थोरली बहीण सातवीनंतर दाजीबरोबर ऊसतोडीला गेली होती, आणि दर दिवाळीनंतर ट्रकवर चढताना ती माझ्याकडं बघायची, ते मला सहन व्हायचं नाही. माझ्यासाठीही एक स्थळ येऊन बसलं होतं. आई, म्हणजे आपली याडी, म्हणायची, लेकरू लहान हाय, वर्षभर थांबू. तू एक दिवस कुठूनशी जुनी दांडीची सायकल आणलीस आणि मला माळावर घेऊन गेलास. मागून सीट धरून पळायचास आणि ओरडायचास, समोर बघ, चाकाकडं बघू नको. मी बाभळीत पडले तेव्हा तू काटे काढलेस आणि परत बसवलंस. पुसेगावची शाळा आठवीपासून होती आणि तिथं जायला सायकलीशिवाय दुसरं काही नव्हतं.

तांड्याचा नाईक तेव्हा देवळाच्या ओट्यावर बसायचा. रस्ता ओट्यासमोरूनच जायचा. मला बघून त्याने तुला बोलावून घेतलं. चार जाणती माणसं बसलेली होती, मी मागं सायकल धरून उभी. नाईक म्हणाला, "पोरगी एकटी सायकलवर कुठं जाऊन राहिली?"

तू म्हणालास, "फिरायला न्हाई चालली. मालकाच्या बागंतला माल पोचवून राहिली. जाता जाता शाळा करते."

आपण मूळचे बैलांच्या पाठीवर माल वाहणारे. मीठ, धान्य, काय काय नेलं असेल आपल्या माणसांनी. बैल गेले, तांडे जागच्या जागी बसले, शेती आली, पण लादलेल्या जनावराला आणि माल नेणाऱ्याला वाटेत अडवायचं नाही, ही रीत जुन्या माणसांनी सोडलेली नव्हती. नाईकाने तंबाखू मळली. मग म्हणाला, "माल असंल तर जाऊ दे. पण कॅरिअर रिकामं दिसलं, तर त्या दिवशी शाळा बंद."

तू टेकडीवर मालकाच्या द्राक्षबागेत राखणीला होतास, त्यामुळं बोलणं पटण्यासारखं होतं. एवढंच, की शाळा जूनमध्ये उघडते आणि द्राक्षं माघात उतरतात. हे नाईकाच्या ध्यानात आलं नाही, की आलं आणि तो गप्प बसला, ते मला आजही सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी तू माल म्हणून कडब्याचं बोचकं बांधून दिलंस. पुसेगावच्या फळवाल्याच्या गाड्याखाली ठेवायचं, संध्याकाळी परत आणायचं. ओट्यासमोर आले तर ते वाऱ्याने हलत होतं. नाईक हसला आणि म्हणाला, हे वझं हाय का पाखराचं घरटं? मी घाबरून तुला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बोचक्यात तू दोन धोंडे घातलेस. चांगले नारळाएवढे, काळे. नाईकाने हात घालून उचलून बघितलं आणि मान हलवली. म्हणाला, आता बराबर हाय.

बराबर त्याला होतं. चढ मला चढायचा होता.

माघ आला तेव्हा खरा माल सुरू झाला आणि तू पहिल्याच दिवशी घात केलास. द्राक्षं तू गोणीत भरलीस. बैलाच्या पाठीवर टाकतात तशा दोन गोण्या, दोन्ही अंगाला सारखं वजन, वरून करकचून दोर. माल हलला नाही पाहिजे, हे तुला तुझ्या बापाने शिकवलेलं. माल हललाच नाही. पुसेगावला पोचेपर्यंत मागच्या चाकाला, माझ्या परकराला, सगळ्याला रस लागलेला होता आणि माशांची फौज माझ्याबरोबर आली होती. फळवाल्याने मालकाकडं निरोप धाडला. मालक संध्याकाळी बागेत आला आणि तुला म्हणाला, अरे, ज्वारी हाय का ही? उद्यापासून मी टेम्पोवाल्याला सांगतो.

मी पायवाटेवर उभी होते. टेम्पो म्हणजे माल बंद, माल बंद म्हणजे शाळा बंद, आणि पुढं ट्रक. तू कोणापुढं हात जोडणारा माणूस नव्हतास. त्या दिवशी जोडलेस. म्हणालास, "मालक, एक दिवस द्या. मला या मालाची रीत ठावं नव्हती. शिकतो."

दिवस मावळेपर्यंत तू मालकाच्या घरचे रद्दी कागद कातरत बसलास. खोक्यात कागद, त्यावर एकच थर, वर परत कागद. दोर बांधताना बोट आत घालून बघायचास, सैल आहे का. सकाळी मला सांगितलंस, उतारावर बसायचं नाही, जनावराच्या तोंडाशी चालतात तसं हँडल धरून चालायचं. मी सगळा उतार चालले. शाळेला उशीर झाला, गुरुजींनी बाकावर उभं केलं, पण फळवाल्याने खोकं उघडलं तेव्हा एक दाणाही फुटलेला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात परत बोचकं सुरू झालं. पण एक दिवस नाईकाने मला थांबवलं. त्याने धोतराच्या सोग्यातून काडी मोडलेला चष्मा काढला आणि म्हणाला, हा दुरुस्त करून आण. मग कोणाचं औषध, कोणाचा बिघडलेला रेडिओ, कोणाच्या सुनेच्या बांगड्या. दहावीला असताना माझं कॅरिअर इतकं भरलेलं असायचं, की दप्तर गळ्यात घालावं लागायचं. तू मारलेली थाप तांड्याने खरी केली. तू ओट्यावरून जाताना मिशीत हसायचास, मी बघितलंय.

नर्स झाले तेव्हा मला नेमणूकही याच भागात मिळाली. लशीचा डबा कॅरिअरला बांधून तांड्यावर आले, तेव्हा तू आजारी होतास, बाजेवर. लेकरं रांगेत उभी होती, याडी त्यांना दम देत होती. तू उठून बसलास आणि मला डबा जवळ आणायला लावलास. उचलून बघितलास. मग माझी गाठ सोडून आपल्या हाताने परत बांधलीस, बोट आत घालून. एवढंच. त्या उन्हाळ्यात तू गेलास. मी आजही तशीच गाठ मारते, आणि मला तुझी फार आठवण येते.

आता परवाचं सांगते. वर पोचल्यावर मी सायकल लावली आणि तुझा माळा जिथं होता त्या जागी गेले. पाखरं हाकायला तू गोफण घेऊन वर बसायचास, तीच जागा. तिथून रस्त्याचं तांड्याकडचं वळण दिसतं. वळणावरचा पळस दिसतो. पळसाचं बूडसुद्धा दिसतं.

बा, ओट्याच्या पुढं गेलं की मी रोज त्या पळसापाशी उतरायचे. बोचकं सोडून दोन्ही धोंडे बुडाशी पाल्यात लपवायचे आणि हलक्या सायकलीने चढ चढायचे. संध्याकाळी परत आत घालायचे. मला वाटायचं, जगाला पत्ता नाही. मग त्या पहिल्या वर्षीच्या पौषात, द्राक्षं नुसती भरत आली होती तेव्हा, एक दिवस परत येताना पाला बाजूला केला, तर धोंड्यांवर पळसाच्या पानात बांधलेला एक घड होता. ज्या बागेतला गळालेला मणीसुद्धा तू आम्हाला उचलू दिला नाहीस, त्या बागेतला. तेव्हा मला वाटलं, तुला त्याच दिवशी कळलं असेल. परवा त्या जागी उभी राहिले आणि समजलं, तू पहिल्या दिवसापासून बघत होतास. मी उतरताना, गाठ सोडताना, इकडं तिकडं बघताना, सगळं.

त्या संध्याकाळी तू भाकरी खाताना सहज विचारलंस, आज वाटेत काही खाल्लं का? मी म्हणाले, न्हाई. तू मान हलवलीस आणि याडीकडं कोरड्यास मागितलंस.

खाल्लं होतं, बा. घड कच्चा होता, दात आंबले. तिथंच धोंड्यावर बसून सगळा खाल्ला, देठ तेवढा टाकला.