गालाच्या आतला फोटो

माय, मला भीती वाटते आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते धीर देतील, आणि कुणी धीर दिला की मी आणखीच घाबरते, म्हणून तुला लिहिते. गालाच्या आत, डाव्या बाजूला, जिभेला काहीतरी खरखरीत लागतं. दिवाळीपासून. दुखत नाही, झोंबत नाही, पण न दुखणाऱ्या गोष्टीला भ्यायचं असतं हे तुझ्यामुळेच कळलेलं. नागपूरला नर्सिंग शिकणारी तुझी नात म्हणते, आधी फोटो पाठव, आमच्या मॅडमना दाखवते. फोन समोर पडून आहे. आणि मला दिसतंय गोंदियाजवळच्या कामठ्याचं आपलं आंगण, आणि खाटेवर आ वासून बसलेली तू.

तुझं ते गुडाखू! तंबाखू-गुळाचा तो काळा लेप बोटावर घेऊन सकाळ-संध्याकाळ दातांवर घासायचीस आणि तेच बोट माझ्यावर रोखून म्हणायचीस, "सुपारी खाऊ नोको वो, दात जातीन." दोघी एकमेकींना शहाणपण शिकवत राहिलो आणि सोडलं दोघींनीही काही नाही. तुझ्या गालात पांढरा चट्टा उठला तेव्हा तू म्हणालीस, उष्णता आहे. ताक प्यायलीस, कात लावलास. गोंदियाच्या डॉक्टरांनी नागपूरला दाखवा म्हटलं तर हात झटकलास. धान कापणीला आलं होतं. "धान सोडून कायले जाऊ? दुखून राहिलं का मले?" मी रडले, भांडले, अबोला धरला. शेवटी तोड तूच काढलीस. माझ्या दिरांनी नवा डिजिटल कॅमेरा आणला होता, साबणाच्या वडीएवढा. त्यानं फोटो काढ आणि नागपूरच्या डॉक्टरला धाड, म्हणालीस. "फोटूत दिसलं तं येईन. नाही दिसलं तं मंग नावच काढू नोको." तुझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे मला ठाऊक होतं. म्हणजे फोटो नीट यायलाच हवा होता.

पहिला फोटो घरात काढला. फ्लॅश आपोआप उडाला आणि सगळा गाल पांढराफटक. चट्टा त्यात बुडूनच गेला. तू खूश झालीस. "पाह्य, काहीच नाही." फ्लॅश बंद केला तर नुसता अंधार. उजेडासाठी आयएसओचा आकडा वाढवला तर चित्रभर रांगोळी सांडल्यासारखे दाणे. ट्यूबलाइटखाली सगळं हिरवट दिसे, आणि त्यात कुठला पांढरा रंग ओळखायचा? इंग्रजी पुस्तिका मांडीवर घेऊन मी एकेक बटण दाबत होते. हात कापत होते, आणि हात कापले की फोटो हलत होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तुला आंगणात बसवलं. तू चमच्यानं गाल ओढून धरलास. मी फुलाची खूण लावली, अगदी जवळचं टिपायला ती लागते. रंगासाठी सूर्याची खूण ठेवली, आयएसओ सगळ्यात खाली आणला, उजेड एक खूण उणे केला. गाल पुन्हा पांढराफटक पडू नये म्हणून. कोपर तुझ्या खांद्यावर टेकवलं, दोन सेकंदांचा टायमर लावला, म्हणजे बटण दाबल्याचा हिसका बसायचा नाही. "लगन लावून राहिली का या फोटूचं?" तोंड उघडं ठेवूनच तू म्हणालीस. मला हसू आलं नाही. एक मन म्हणत होतं, नीट येऊ दे, म्हणजे ही नागपूरला येईल. दुसरं मन म्हणत होतं, काही दिसूच नये.

फोटो नीट आला. तो मी पडद्यावर मोठा करत गेले. चट्ट्याच्या मधोमध लाल, कडा फाटक्या. "दाखव." तू कॅमेरा हातात घेतलास. "पेजेवर साय धरते, तसं दिसते," एवढंच बोललीस आणि चमचा धुवायला गेलीस. परत आलीस ती पदर नीट करून. "आता एक बंद तोंडाचा काढ. चांगला." मी काढला. फुलाची खूण काढायची राहून गेली होती, चेहरा पार धूसर आला. मी दुसरा काढते म्हटलं तर तू अडवलंस. "राहू दे. सुरकुत्या नाही दिसत." भिंतीवर आज तोच आहे. तू स्पष्ट दिसतेस ती फक्त गालाच्या आतल्या फोटोत, आणि तो कुणाला दाखवण्यासारखा नाही.

फोटो मेल करायला गोंदियाला गेले, तर नेट कॅफेवाला म्हणाला, "दीदी, फाइल बहुत भारी है, छोटी कर दूँ?" मी जवळजवळ ओरडलेच, नको. नागपूरच्या डॉक्टरांचा फोन आला, ताबडतोब आणा. तू एका शब्दानंही हुज्जत घातली नाहीस. उभं धान शेजाऱ्यांच्या हवाली केलंस, पिशवी भरलीस. जबडा कापला. पुढचं धान तू पाहिलंस, त्यानंतरचं नाही.

हे लिहिता लिहिता उठले. खिडकीपाशी गेले, चमच्यानं गाल ओढला. या फोनला काही सांगावं लागत नाही. उजेड, रंग, जवळ-दूर, सगळं तोच ठरवतो. माझ्याकडे काही कामच उरलं नाही, नुसतं भ्यायचं. तोंड उघडून उभी राहिले आणि पहिल्यांदा कळलं, चमचा धरलेला तुझा हात जराही हलला नव्हता.

हा कागद कुठे जायचा नाही, फोटो मात्र तुझ्या नातीला गेला. खरं सांगू माय? तुझा फोटो मी मोठा करून करून पाहिला होता. माझा मी पाहिलाच नाही. तसाच पाठवून दिला.