एका ओळीचा विषय

१ जून, सकाळी
ठरलं. पीएचडी करायची. चव्वेचाळीस हे संशोधनाला उत्तम वय. त्याआधी माणूस कच्चा असतो. चाळिसाव्या वर्षीही हेच म्हणालो होतो, फक्त आकडा वेगळा होता. आयुष्यभर कॉलेजच्या लायब्ररीत दुसऱ्यांचे प्रबंध कपाटात लावतोय. मेव्हणा शेवाळावर संशोधन करून डॉक्टर झाला, तेव्हापासून सासूबाई स्वतःच्या मुलाला 'डॉक्टर, जेवायला या' म्हणतात. मला नुसतं 'या'.

१ जून, संध्याकाळी
बायकोला सांगितलं. तिला आनंद झाला. मग तिनंही एक बातमी दिली. तिच्या हॉस्पिटलची दुसऱ्या शहरात नवी शाखा निघतेय आणि तिथं मेट्रन म्हणून तिचं नाव पुढे आलंय. एवढ्या वर्षांच्या ड्यूट्यांचं चीज झालं, पण हे तिनं भाजी निवडता निवडता सांगितलं. तिकडच्या नर्सिंग कॉलेजला लायब्रेरियनही हवाय म्हणे. माझी पीएचडी इथं होणार असेल तर ती नाही कळवेल. नसेल तर लेकीला घेऊन तिघंही तिकडे जाऊ. तिला तीस तारखेला उत्तर द्यायचंय. म्हणाली, "काय ते ठरव. दोन्ही चालेल मला. पण ठरव."
महिना आहे हातात. मला आठवडा पुरेल.

३ जून
गाइड सरांना भेटलो. वर्षअखेर रिटायर होताहेत, त्यांच्याकडे शेवटची एक जागा शिल्लक आहे. पंचवीस तारखेपर्यंत अर्ज द्या, विषय एका ओळीत लिहून आणा म्हणाले. मनात हसलो. मी एकेका विषयावर तासतासभर बोलतो, स्टाफरूममध्ये लोक उठून गेले तरी बोलतो.

५ जून
विषय सापडला: कॉलेज विद्यार्थ्यांच्या वाचनसवयी. खात्री म्हणून आपलंच प्रबंधांचं कपाट पाहिलं. झालेला आहे. वर शिक्काही माझाच. दुपारी दुसरा विषय काढला, तोही झालेला. लोकांनी काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

८ जून
वरवर विषय शोधणं हा उथळपणा आहे. आधी कपाटातल्या सगळ्या प्रबंधांची विषयवार कार्डं करायची. सगळं झालेलं समोर मांडलं की न झालेलं आपोआप दिसेल. हे लायब्रेरियनलाच सुचू शकतं. तीन रंगांची कार्डं आणली. दिवसभर अक्षर सुरेख आलं.
बायकोनं जेवताना विचारलं, विषय ठरला का. पायाभरणी चालू आहे म्हणालो. तिनं माझ्या ताटात आमटी वाढली. पटलं असावं.

११ जून
लेक विचारत होती, नववीची पुस्तकं इथल्या शाळेची घ्यायची की तिकडच्या. तिला समजावलं की संशोधनाला घाई चालत नाही. ती म्हणाली, शाळेला चालते. हजरजबाबीपणा आईकडून आलाय. कव्हरं घालायला काढलेले कागद तिनं परत कपाटात ठेवले.
निळी कार्डं संपली. हिरवी वापरली तर पद्धत बिघडेल, म्हणून काम थांबवलं.

१४ जून
मेव्हणा आला होता. शेवाळ कसं निवडलंस, असं सहज विचारलं. म्हणाला, गाइडनी सांगितलं हे कर, मी बरं म्हणालो. अशा माणसाला डॉक्टर म्हणतात. मी इथं रक्त आटवतोय.
निघताना चपला घालता घालता हळूच म्हणाला, "भाऊजी, ताईला ताटकळत ठेवू नका. ती बोलत नाही, पण झोपत नाहीये." लहानपणापासून त्याला नाक खुपसायची सवय आहे. तरी उगाच अस्वस्थ वाटलं. दोन कार्डं चुकली.

१७ जून
मोठा दिवस. काउंटरवर एका प्राध्यापकाला दहावं स्मरणपत्र देत होतो. पुस्तक त्यांच्याकडे कधीपासून आहे ते त्यांनाही आठवत नाही. आणि एकदम लख्ख सुचलं: वाचक पुस्तकं परत का करत नाहीत. कपाट पालथं घातलं. कुणी केलेला नाही.
तसाच गाइड सरांकडे गेलो. त्यांनी ओळ वाचली, चष्मा काढला आणि छान आहे म्हणाले. उद्या अर्ज आणा, मी सही करतो.
रस्त्यानं चालत आलो. रिक्षासुद्धा केली नाही.

१७ जून, संध्याकाळी
घरी सांगितलं. बायको मनापासून हसली. असं हसताना तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मेट्रनपद गेल्याचं दुःख नाही का, असं विचारलं तर म्हणाली, थोडं आहे, पण तुझ्या तोंडावर हा आनंद बघायचा होता. लेकीनं इथल्या शाळेची पुस्तकं याच आठवड्यात आणायचं ठरवलं.

१८ जून
एक गोष्ट मनातून जात नाहीये. सरांनी इतक्या पटकन हो का म्हणावं? एक ओळ वाचून? विषयात दम असता तर त्यांनी चार प्रश्न विचारले असते, नाकं मुरडली असती. चटकन मान्य होणारा विषय हलकाच असणार. अर्ज घेऊन निघालो होतो, अर्ध्यातून परत आलो.

२० जून
सरांना भेटून दोन दिवस मागितले. म्हणाले, अहो, विषय चांगला आहे, बाकीचं करता करता सुधारतं. बघा, सुधारण्याची गरज त्यांनीच कबूल केली.
घरी आलो तर बायको हॉस्पिटलला नकार कळवायला फोन हातात घेऊन बसली होती. थांब म्हणालो. तिनं विचारलं, मग हो सांगू का. म्हणालो, दोन्ही नको सांगूस अजून. तिनं फोन ठेवला. मी कार्डं लावायला घेतली. लेकीला दुकानातून पुस्तकं न घेता परत बोलावलं.

२३ जून
नवा विचार: मुळात लायब्ररीशास्त्रातच का? मानसशास्त्रातही करता येईल. किंवा इतिहासात. क्षेत्र चुकलं तर उभा जन्म फुकट. कार्डांचा एक नवा गठ्ठा सुरू केला.
जेवण गेलं नाही. हवा खराब आहे.

२५ जून
सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. अर्ज भरलेला होता, फक्त विषयाची ओळ लिहायची होती. सरांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसलो. आत ते दिसत होते. दोनदा बाहेर डोकावले, या ना म्हणाले. येतो म्हणालो. पेन काढलं. टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. ओळ लिहिता येईना. परत का करत नाहीत, एवढंच लिहायचं होतं. ऑफिस बंद व्हायला आलं तेव्हा सर बाहेर आले, माझ्या हातातल्या अर्जाकडे बघितलं, खांद्यावर हात ठेवला आणि गेले.
भीती वाटली. केली आणि जमली नाही तर? आत्तापर्यंत निदान 'करणार' तरी होतो.
वरचं खोडायचं आहे. आज दमलोय.

२६ जून
जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली म्हणे. कळल्यावर अंग इतकं हलकं झालं की कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. थोडक्यात बचावलो. घाईनं केलेली पीएचडी आयुष्यभर बोचली असती.
घरी अजून बोललो नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

२८ जून
बायकोनं विचारलं, अर्जाचं काय झालं. प्रक्रिया चालू आहे म्हणालो. बरं म्हणाली. पुन्हा विचारलं नाही. समंजस आहे.

३० जून
तिला माहीत होतं. परवाच्या प्रश्नाच्याही आधीपासून. गाइड सर बीपी तपासून घ्यायला तिच्याच हॉस्पिटलला जातात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं, तेही मला वाईट वाटलं असेल म्हणून काळजीनं.
ती चिडली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. ती गादीच्या कडेला बसली, युनिफॉर्मही बदलला नव्हता.
"मी हो कळवलं," म्हणाली. "पीएचडीचा राग नाही मला. तू केली असतीस तर मी इथं आनंदानं राहिले असते. नाही करत म्हणाला असतास तरी आनंदानंच गेले असते, तुला घेऊन. परवा तुला मुद्दाम विचारलं. वाटलं, आता तरी खरं सांगशील."
मी म्हणालो, मला थोडा वेळ दे.
"घे," म्हणाली. "मी दोघींचं कळवलंय. तुझं तू कळव."

६ जुलै
दोघी गेल्या. स्टेशनवर सामान चढवून दिलं. तिकडच्या लायब्रेरियनच्या जागेसाठी अर्ज करायला अजून मुदत आहे, असं बायको खिडकीतून म्हणाली. नक्की बघतो म्हणालो. गाडी हलल्यावर लेकीनं हात केला. बायको बाटली उघडून पाणी प्यायली.

९ जुलै
घर एकदम शांत. संशोधनाला असंच वातावरण लागतं. जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरली आहेत, उचल म्हणणारं कुणी नाही. पण तिकडच्या जागेला अर्ज केला तर इथली पीएचडी राहील, आणि पुढच्या वर्षी इथं दुसरा गाइड मिळाला तर तिकडे जाणं राहील. दोन्ही बाजूंचा साकल्यानं विचार व्हायला हवा. त्यासाठी पिवळी कार्डं आणली.

१३ जुलै
लेकीचा फोन. नवी शाळा बरी आहे, आईला मोठी केबिन मिळाली आहे, खोलीत तिसरा पलंग अजून घेतलेला नाही, कारण माझं नक्की कळलेलं नाही. मी कधी येणार, असं आई विचारतेय का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, नाही, मी विचारतेय.
महिन्याच्या शेवटपर्यंत नक्की कळवतो म्हणालो.
"कुठल्या महिन्याच्या, बाबा?"
विचार करून सांगतो म्हणालो. तोवर तिनं फोन ठेवला होता.