गेमचं मशीन परत करायला उशीर झाल्याबद्दल

कळंबोली,
रविवार

आदरणीय कमळाकरराव (घटस्फोटानंतर व्याह्यांना काय म्हणायचं हे आमच्या सोसायटीत कोणालाच सांगता येईना, म्हणून जुनंच चालवतो),

नमस्कार. मोरा बंदराकडे सगळे खुशाल ना? विहीणबाईंचा गुडघा काय म्हणतो? मागच्या खेपेला फोनवर आपण दोघंही नुसते 'हं, हं' करत राहिलो, म्हणून हे पत्र. तुमच्या यादीप्रमाणे विश्वजितचं सगळं सामान बांधून ठेवलंय. कपडे, सर्टिफिकेटं, लग्नातला चांदीचा तांब्या. (तांब्याला पोचा आधीपासून होता, गैरसमज नसावा.) राहिलं ते गेमचं मशीन. क्षिप्राला त्याचा आवाज सहन होत नसे, म्हणून जावईबापूंनी ते आमच्या टीव्हीला जोडलं होतं. दर रविवारी यायचे, खेळायचे, आणि मी शेजारी बसून शेंगा सोलायचो.

परत करायची वस्तू नीट चालते का, एवढंच मला बघायचं होतं हो. तळोज्याच्या कारखान्यात तीस वर्षं व्हॉल्व्ह उघडबंद केले, म्हटलं हे काय अवघड! एक शिपाईगडी तलवार घेऊन पुलावर जातो, समोरून राक्षस येतो, आणि गडी मरतो. पडद्यावर लाल अक्षरांत येतं की तुम्ही मेलात. पुन्हा पुलाअलीकडच्या दिव्यापाशी उभे! पहिल्या दिवशी अकरा वेळा मेलो, दुसऱ्या दिवशी मोजणं सोडलं. रिमोट सोफ्यावर आपटला, बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, परत हात लावणार नाही म्हणून शपथ घेतली, आणि चहा पिऊन परत बसलो. (हे सगळं क्षिप्रा ऑफिसला गेल्यावर. एरवी मशीनवर टॉवेल असतो.) वैजयंती स्वयंपाकघरातून विचारते, "मेलात का? मग पानं घेते." हे ऐकून खालच्या अरुणाताई एकदा पिठाच्या हातांनी धावत वर आल्या होत्या.

महिन्याभराने डोक्यात उजेड पडला. विश्वजित म्हणायचा, "पप्पा, मारायची घाई नको. आधी त्याला बघा." मग चार दिवस मी तलवारच उगारली नाही, नुसता बघत राहिलो. राक्षस वार करण्याआधी डावा खांदा किंचित उचलतो. दोन वार झाले की दमतो. तेव्हा एक टोला द्यायचा आणि मागे सरायचं, दुसऱ्याचा मोह धरला की खलास. आता मेलो तरी राग येत नाही, कुठे चुकलं ते कळतं आणि पुन्हा निघावंसं वाटतं. या वयात एखाद्या गोष्टीचं असं वेड लागेल, खरंच वाटलं नव्हतं. पण खेळता खेळता फार वाईटही वाटतं, कमळाकरराव. चूक कोणाची, ते मी विचारत नाही. माझी पोर रडत घरी आली, तिच्यासमोर त्याचं नाव काढवत नाही. तुमचा मुलगा तुमच्याकडे परत आला, माझी मुलगी माझ्याकडे. माझा जावई मात्र कुठून परत यायचा?

असो. राक्षस मेला की मशीन लगेच टेम्पोने पाठवतो. तोवर सांभाळून घ्या.

आपला,
मधुकर

ता. क. खोटं कशाला लिहू, राक्षस मंगळवारीच मेला. मी एवढ्याने ओरडलो की वैजयंतीने धावत येऊन हातावर साखर ठेवली. मग विश्वजितला सांगायला फोन घेतला, त्याचं नाव काढलं, आणि ठेवून दिला. मशीन परवापासून खोक्यात बांधलेलं आहे.

आणखी एक. टेम्पो नको. न्यायला त्यालाच पाठवा. शनिवारी क्षिप्रा ऑफिसला असते. हे वैजयंतीनेच लिहायला सांगितलंय, कोथिंबिरीच्या वड्या करते म्हणाली. पुलापलीकडे दलदल लागते, तिथून कसं जायचं ते त्याने एकदा दाखवावं, एवढंच. खोकं उघडायला पाच मिनिटं लागतात. आणि तो नाही म्हणाला, तर मला काही कळवू नका. टेम्पोच पाठवा, मी समजेन.