शेवटचं कडवं

ता. ६ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. आईला कळवलं होतं, पण ती तुम्हाला सांगायला विसरली असेल, हल्ली विसरते. त्यासाठीच हे पत्र. गेल्या आठवड्यात मी तिथे होते तेव्हा खुर्चीतून उठताना ती टेबलाचा आधार घ्यायची. मी बघतेय हे कळलं की लगेच टेबल पुसायला लागायची. आणि तुमच्या छापखान्यातून गेलेला तो शाळेचा अहवाल पाहिलात का? मुख्याध्यापकांचं मनोगत दोनदा छापलंय. प्रुफं आईनेच तपासली होती. एकेकाळी तिच्या नजरेतून साधा स्वल्पविराम सुटत नसे.

मामा, तिचं काम हळूहळू थांबवा. मी तिला कायमची माझ्याकडे घेऊन येते. तिला तोंडावर सांगायची माझी छाती होत नाही. तुमचं ती ऐकेल.

सोबत एक कविता आहे. तुमच्या त्रैमासिकात निनावी छापा. प्रूफ मात्र तुम्ही स्वतः तपासा, आईपर्यंत जाऊ देऊ नका.

मामींना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तेवढीच राहू द्या.

आपली,
खारूताई


ता. १५ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

घोटाळा झाला आहे, तो आधी कबूल करतो. कंपोझिटरला बजावलं होतं की ही कविता माझ्या टेबलावर आण. त्याने मान डोलावली, कविता जुळवली, आणि पंचवीस वर्षांच्या सवयीने प्रूफ नेऊन ताईपुढे ठेवलं. विचारलं तर म्हणतो, पाय आपोआप तिकडे वळले. आता पायांना काय बोलू?

मी आमच्या दोघांच्या टेबलांमधल्या लाकडी फळीच्या अलीकडे बसलो होतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण कान पदवीधर आहेत. ताई तपासताना पुटपुटते हे तुला ठाऊक आहे. तीन कडवी पुटपुटली. चौथ्याला आवाज बंद. मग पेन्सिलीला टोक करण्याचा आवाज, इतका वेळ की डझनभर पेन्सिली झाल्या असत्या. शेवटी बाहेर येऊन म्हणाली, पोरीने माझं वय दोन वर्षांनी वाढवलंय, तेवढं दुरुस्त केलंय. बाकीचं ती तुला लिहिणार आहे.

अहवालातली चूक खरी. पण मुख्याध्यापक रागावले नाहीत. पन्नास प्रती जास्तीच्या मागवल्या.

तुझी विनंती मी तिला सांगितलेली नाही, सांगणारही नाही. ताईने अक्षरं शिकवली म्हणून मी छपाईच्या खिळ्यांना हात लावू शकलो. तिला घरी बस म्हणायला दुसरा मामा शोध. भीती मलाही वाटते गं. फक्त मी रोज तिच्या शेजारी बसून भितो, तू लांबून.

पत्रावर राग काढ, मामावर नको.

तुझा,
मामा


ता. १९ फेब्रुवारी

चि. खारू हिस,
अनेक आशीर्वाद.

कविता तपासली. नाव नव्हतं, पण टेबल पुसणारी बाई मी ओळखली. तिचे हात थरथरतात असं तू लिहिलंयस. माझे थरथरत नाहीत, गुडघा दुखतो. पण कवितेत गुडघा बरा दिसला नसता, म्हणून हात राहू दिले.

अहवालातली चूक माझीच. ते मनोगत पहिल्यांदा वाचताना डुलकी लागली, त्यामुळे दुसऱ्यांदा नवीनच वाटलं. हसू नकोस. तेव्हापासून मोठी कामं मी एकटी करत नाही. तुझा मामा मूळ प्रत मोठ्याने वाचतो, मी प्रूफ बघते. मध्ये मध्ये तो लेखकांना नावं ठेवतो, त्यात वेळ जातो. पण चूक सुटत नाही.

तुझ्याकडे येईन ते आठ दिवसांसाठी. तुझा बेत मला कोणी सांगितला नाही. जाताना तू माझी कपाटं मोजत होतीस. कामाचं काय ते मी ठरवीन, आणि जमेनासं झालं की तुलाच पहिल्यांदा सांगेन. तूही भीती वाटली तर येऊन सांग, हवं तर भांड. मी काही प्रूफ नाही, की समासात खुणा करून परत पाठवावं.

आता शेवटचं कडवं. त्यात आई मुलीला ओळखत नाही. ते मी या अंकातून काढलंय. वाईट आहे म्हणून नाही; आपल्याकडे अजून तसं काही झालेलं नाही म्हणून. कागद फाडलेला नाही, माझ्या खणात आहे. पुढेमागे झालंच तर छाप. तेव्हा तपासायला मी उपयोगाची नसेन, म्हणून आत्ताच सांगून ठेवते: त्यातली तिसरी ओळ फार लांबली आहे. अर्धी कर.

बाकी भेटीत. लोभ ठेव.

तुझी,
आई